प्लेटिंगवाला बदलायचा का? अंबडमधल्या छोट्या प्रेस शॉपचा प्रश्न, जाणकारांनी सांगा

अंबड_प्रेसशॉप

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय कारण खरंच डोकं चालेनासं झालंय.

आमचं नाशिकच्या अंबड एमआयडीसीत छोटं प्रेस शॉप आहे, वडिलांनी दोन पॉवर प्रेसवर सुरू केलं होतं, आता नऊ प्रेस आहेत आणि गेली चार वर्षं मीच बघतो. मुख्य काम म्हणजे इलेक्ट्रिकल पॅनलला लागणारे ब्रॅकेट, क्लिपा, माउंटिंग प्लेट वगैरे. सीआरसीए शीट म्हणजे पोलादी पत्रा आणायचा, ब्लँकिंग (कापणं), बेंडिंग, मग झिंक प्लेटिंगला म्हणजे जस्ताचा थर चढवायला बाहेर आणि परत आलं की चेक करून कस्टमरला. प्लेटिंग सोडून सगळं आमच्या शेडमध्ये होतं.

प्लेटिंग आम्ही २२ वर्षं एकाच ठिकाणी करतो. ते वडिलांच्या ओळखीचे, मी त्यांना काकाच म्हणतो, माझ्या लग्नात घरच्यासारखे राबले होते. आधी माल गेला की तिसऱ्या दिवशी परत यायचा, फोनसुद्धा करावा लागत नव्हता. गेल्या वर्षभरात मात्र कधी चार दिवस, कधी सहा, कधी नऊ. फोन केला की "उद्या देतो". मधे दोन लॉटचं प्लेटिंग सोलून निघालं, एका लॉटला पिवळे डाग. आणि गेल्या महिन्यात शेवटी व्हायचं तेच झालं, एका १.५ एमएमच्या ब्रॅकेटसाठी कस्टमरची लाइन चार तास थांबली. ६८,००० ची डेबिट नोट आली, म्हणजे तेवढे आमच्या बिलातून कापले, आमचं रेटिंग बी वरून सी झालं आणि परचेसवाले साहेब समोर बसवून म्हणाले की अजून एकदा असं झालं तर नवीन टूलचं काम दुसरीकडे देऊ.

पुण्याच्या बाजूच्या एका मोठ्या प्लेटिंगवाल्याचं कोटेशन आणलंय. ऑटोमॅटिक प्लांट, स्वतःची लॅब, रेट किलोला १४ रुपये. काकांचा रेट १७ आहे. आमचं महिन्याला साधारण ४ टन प्लेटिंग होतं. माझं मन म्हणतं सगळं एकदम तिकडे हलवावं आणि हा विषय संपवावा. वडील म्हणतात की अडीनडीला याच माणसाने रात्री दोन वाजता प्लांट चालू करून माल दिलाय, त्याला असं सोडायचं नाही. घरात रोज यावरून बोलणं होतं.

काकांना सोडू का? की दोघांकडे वाटून देऊ? ज्यांनी सप्लायर बदललाय त्यांनी अनुभव सांगा प्लीज. पेमेंटचं म्हणाल तर आमचं थोडं मागेपुढे होतं, पण ते सगळ्यांचंच होतं.

सातपूर_टर्निंग

भाऊ सरळ बदला. धंद्यात नातं आणलं की असंच होतं. माझा हीट ट्रीटमेंटवाला असाच उद्या उद्या करायचा, मी एका आठवड्यात दुसरा बघितला आणि आज निवांत आहे. तुमचा कस्टमर गेला तर काका काही ऑर्डर आणून देणार नाहीत. वडिलांना वाईट वाटेल दोन महिने, मग सवय होते.

निवृत्त_परचेस

प्रेसशॉपवाले दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मी ३१ वर्षं परचेसला काढली, त्यातली शेवटची बारा नाशकातच, आणि सप्लायर बदलायच्या फायली माझ्या हातून इतक्या गेल्यात की सातपूरकरांसारखं एका वाक्यात उत्तर देण्याचं धाडस होत नाही. माझ्या हातून जे सप्लायर बदलले गेले त्यातले निम्मे बदलायला नको होते हे मला नंतर कळलं.

आधी पैशाचं बघू कारण ते सोपं आहे. ४ टनावर किलोमागे ३ रुपये म्हणजे महिन्याला १२,००० वाचतात. छोटा हत्ती पाऊण टन नेतो, म्हणजे नेण्या-आणण्याच्या महिन्याला पाच-सहा फेऱ्या पुण्याकडे, २०० किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. एका फेरीचं भाडं आणि टोल तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, तुम्हीच गुणाकार करा. मोठी गाडी भरून पाठवू म्हणाल तर गाडी भरेपर्यंत माल तुमच्याकडे पडून राहणार, म्हणजे ज्या उशिरासाठी बदलताय तोच उशीर तुम्ही तुमच्या दारात आणून ठेवणार. नारायणगाव, संगमनेरला गाडी अडकली तर तो दिवस वेगळाच. तेव्हा स्वस्त पडतंय हे कारण यादीतून काढून टाका. विश्वासाचं आणि वेळेचं कारण राहतं, त्यावर बोलू.

माझी एक विनंती आहे, निर्णय घ्यायच्या आधी एक रविवार काढा. गेल्या सहा महिन्यांची जॉबवर्कची, म्हणजे प्लेटिंगला माल पाठवल्याची चलनं काढा आणि प्रत्येक चलनापुढे चार तारखा लिहा. प्रेसवर पार्ट तयार कधी झाला, तुमच्या गेटमधून बाहेर कधी पडला, त्यांच्याकडून तयार झाल्याचा फोन कधी आला, आणि तुमच्या शेडमध्ये परत कधी उतरला. "ते उशीर करतात" हे वाक्य आपण सगळे फार सहज बोलतो पण उशीर नेमका कुठल्या दोन तारखांच्या मधे आहे हे कोणी बघत नाही. माझ्या एका मोल्डिंगच्या सप्लायरबद्दल आमच्या मीटिंगमध्ये सहा महिने आरडाओरडा चालला होता, मी असं लिहून काढलं तर नऊ दिवसांतले साडेतीन दिवस माल आमच्याच इनवर्डला चेकिंगची वाट बघत पडलेला होता.

त्याच कागदावर आठवड्याचा लोडही लिहा, कुठल्या आठवड्यात किती किलो पाठवलं. मला जवळजवळ खात्री आहे की तुमचा निम्म्याहून जास्त माल महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत जातो. तुमचा एकट्याचा हा दोष नाही. कस्टमर शेड्यूल १० टक्क्यांनी हलवतो, तुम्ही घाबरून २० टक्के जास्त पंच करता, प्लेटिंगवाल्याकडे ते एकदम दुप्पट होऊन पोचतं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या टाक्या रिकाम्या. आसुडाची मूठ थोडी हलली तरी टोकाला फटकारा बसतो, तसं साखळीत जो सगळ्यात शेवटी उभा असतो त्याला सगळ्यात मोठा झटका बसतो. मोठ्या कंपन्यांतही हे असंच चालतं, फक्त तिथे आकडे मोठे असतात.

आता स्टॉक. ज्या ब्रॅकेटमुळे लाइन थांबली त्याचा प्लेटिंग झालेला तयार स्टॉक तुमच्याकडे किती असतो? समजा रोज सरासरी २,००० पीस लागतात, एखाद्या दिवशी २,६००. प्लेटिंगहून यायला सरासरी ४ दिवस, वाईटात वाईट ९. तर २,६०० गुणिले ९ म्हणजे २३,४००, त्यातून २,००० गुणिले ४ म्हणजे ८,००० वजा करा, उरले १५,४०० पीस. एवढे कायम शेल्फवर हवेत. पीसची किंमत ६ रुपये धरली तर ९२,४०० रुपये अडकतात. जड वाटतं ना? पण वाईटात वाईट ९ चे ६ दिवस करता आले तर तोच आकडा ७,६०० पीस आणि ४५,६०० रुपयांवर येतो. बघा, सरासरीला हातही लावला नाही, फक्त वेळेचा चढउतार कमी केला तर अर्धे पैसे मोकळे झाले. म्हणून मी पोरांना सांगायचो की सप्लायरला "लवकर दे" म्हणू नका, "जे सांगतोस त्या दिवशी दे" म्हणा. सगळ्या पार्टला हे करू नका, लाइन थांबवू शकतील असे चार-पाचच निवडा.

एकच सप्लायर ठेवण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, आमच्या काळात ट्रेनिंगला सांगायचे. १ फेब्रुवारी १९९७ ला जपानात कारिया इथल्या आयसिनच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळपास सगळा तिथूनच यायचा आणि टोयोटाकडे त्याचा स्टॉक फक्त काही तासांचा. टोयोटाचे जपानमधले जवळजवळ सगळे कारखाने बंद पडले. पण ते आठवडाभरात परत चालू झाले, कारण कित्येक कंपन्यांनी हातातलं काम सोडून, ड्रॉइंग घेऊन तो व्हॉल्व्ह बनवायला घेतला, त्यात शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा होती. ही गोष्ट सांगून अर्धे लोक म्हणतात बघा एकाच सप्लायरवर राहू नका, आणि अर्धे म्हणतात बघा संबंध असे ठेवा की आग लागली तरी लोक धावून येतील. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे. तुमच्या वडिलांचं रात्री दोनचं वाक्य त्यातलंच आहे आणि तुमची भीतीही.

तेव्हा माझं मत, दुसरा सप्लायर जरूर तयार करा पण नाशकातलाच, आणि काकांना सोडू नका.

सातपूर_प्लेटिंग

मी स्वतः प्लेटिंगवाला. तुमचे काका मी नाही, पण तुमची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय, रागावू नका.

"पेमेंट थोडं मागेपुढे होतं" हे तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलंत. दादा आमच्याकडे ती पहिली ओळ असते. झिंक रोख, केमिकल रोख किंवा फार तर पंधरा दिवस, लाइटबिल तारखेला, पोरांचा पगार सात तारखेला. रेक्टिफायर, म्हणजे टाकीला करंट देणारं यंत्र, बिघडला तर दुरुस्तीवाला ऍडव्हान्स मागतो. तुमच्यासारख्या दहा पार्ट्या शंभर-शंभर दिवस लावतात तेव्हा आम्ही काय करतो माहितीये? बाथ, म्हणजे टाकीतलं द्रावण, जास्त दिवस ओढतो. चमक आणणारं ब्राइटनर टाकायचं ते दोन दिवस पुढे ढकलतो, झिंक टिकवणाऱ्या पॅसिव्हेशनचं द्रावण बदलायला झालेलं असतं ते अजून एक आठवडा चालवतो. पिवळे डाग तिथून येतात. कोणी मुद्दाम करत नाही, मनाला लागतं, पण हातात पैसा नसतो. आणि माल कोणाचा आधी लावायचा हे सकाळी ठरतं तेव्हा ज्याने चार दिवसांपूर्वी पैसे दिले त्याचा बॅरल (पार्ट भरून टाकीत फिरवायचा पिंप) आधी पाण्यात जातो, हे मी खोटं कशाला बोलू.

सोलून निघालं म्हणताय त्याचं अर्धं कारण तुमच्या शेडमध्ये असू शकतं. प्रेसचं ऑइल कुठलं वापरता? काही ड्रॉइंग ऑइल पार्टवर आठ दिवस राहिलं की असं वाळतं की आमच्या डिग्रीझिंगला दाद देत नाही, वरून झिंक चढतं, दिसायला सुंदर आणि वाकवलं की पापुद्रा. पावसाळ्यात तर माल तेलासकट गोणीत पडून गंज धरून येतो, मग आम्हाला ऍसिडमध्ये जास्त वेळ ठेवावा लागतो. तुमचा तो ब्रॅकेट सपाट आहे ना, सपाट पार्ट बॅरलमध्ये एकमेकांना चिकटतात, चिकटलेल्या जागी झिंक पोचत नाही. त्याला लोड कमी घ्यावा लागतो किंवा सोबत दुसरा आडवातिडवा पार्ट मिसळावा लागतो. हे काका इतकी वर्षं करत असतील, तुम्हाला न सांगता.

आणि लहान लॉट. संध्याकाळी सहाला पोरगा स्कूटरवर १२ किलो क्लिपा घेऊन येतो, साहेब अर्जंट आहे. १२ किलोने बॅरल भरत नाही, अर्धा रिकामा बॅरल फिरवला तर वीज आणि केमिकल तेवढंच जातं, म्हणून त्याच जातीचा दुसरा माल येईपर्यंत थांबतो. तुमच्या डायरीत तो उशीर. तुम्ही जर सांगितलंत की मंगळवार आणि शुक्रवार सकाळी एवढे किलो नक्की येणार, तर मी त्या दिवशी तुमच्यासाठी बॅरल मोकळे ठेवीन, आणि बुधवारी-शनिवारी माल देईन, हा शब्द देणारे प्लेटिंगवाले अंबड-सातपूरला आजही आहेत.

अजून एक, माणसं. आमच्याकडचे खानदेशातले आखाजीला गावी जातात आणि बिहारचे छठला, त्या आठवड्यात कोणाकडूनही वेळेवर होत नाही, पुण्याकडेसुद्धा. ते कॅलेंडर आम्ही दोन महिने आधी देऊ शकतो पण आम्हाला कोणी विचारतच नाही. आणि सातपूरला यायचं तर त्र्यंबक रोड आहे, २०१५ च्या कुंभमेळ्यात पर्वणीला गाड्या कशा अडवल्या होत्या आठवतं ना? २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परत पर्वण्या आहेत, त्या तारखांच्या आधी माल पुढेमागे करून ठेवायचं सगळ्यांनीच आत्तापासून बोलायला हवं.

बोललो जास्त. पण काकांकडे जाऊन एकदा बसा. फोनवर नको.

अंबड_प्रेसशॉप

प्लेटिंगवाले दादा, रागावलो नाही. खरं सांगतो, तुमची पोस्ट वाचून लेजर उघडलं. काकांचे आमच्याकडे चार महिन्यांचे पैसे आहेत. मला वाटत होतं दोन महिन्यांचे असतील. आमचा कस्टमर आम्हाला ८५-९० दिवसांनी देतो, मग स्टीलवाल्याला आधी द्यावे लागतात कारण तो कॉइल सोडत नाही, आणि काका कधी मागत नाहीत म्हणून त्यांचे मागे राहतात. लिहिताना लाज वाटतेय पण असंच झालंय.

परचेसवाले काका, चलनं काढायला बसलोय, वेळ लागेल. एक विचारू का, दुसरा सप्लायर नाशकातला घेतला तरी कस्टमरला सांगावं लागतं का? गुपचूप थोडं थोडं हलवलं तर चालत नाही?

क्वालिटीतली_ताई

नाही चालत, दादा, अजिबात करू नका असं. मी सप्लायर क्वालिटी बघते. प्लेटिंगसारखी प्रोसेस दुसऱ्या ठिकाणी गेली की ती नवीन प्रोसेस धरतात, ऑटोवाल्यांकडे तर पीपॅप म्हणजे पार्टच्या मंजुरीचे सगळे कागद नव्याने द्यावे लागतात, तुमच्या इलेक्ट्रिकलवाल्या कस्टमरकडेही सॅम्पल अप्रूव्हल असेलच. न सांगता हलवलं आणि सहा महिन्यांनी फील्डमधून गंजाची कंप्लेंट आली तर तुम्ही काय दाखवणार? उलट आत्ता जाऊन सांगा की आम्हाला दुसरा सोर्स उभा करायचाय, सॅम्पल देतो, तुम्ही बघा. सी रेटिंगवाल्याकडून असं ऐकलं की परचेसवाल्यांना बरं वाटतं, निदान मला तरी वाटतं.

सॅम्पल देताना तीन गोष्टी मागा. थराच्या जाडीचं मायक्रॉनमधलं रीडिंग, आणि ते फक्त मधे नाही तर कोपऱ्यात आणि बेंडच्या आतल्या बाजूला पण, कारण कोपऱ्यावर झिंक जास्त बसतं आणि आत कमी. ऍडहिजन म्हणजे थर चिकटून बसलाय का ते बघायला पार्ट वाकवून बघा. आणि सॉल्ट स्प्रे म्हणजे गंजाची चाचणी, ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ डिग्री, ड्रॉइंगवर लिहिलेत तेवढे तास, बाहेरच्या लॅबमधून. प्लेटिंगवाल्याच्या स्वतःच्या लॅबचा रिपोर्ट चालतो पण पहिल्यांदा बाहेरचाच घ्या.

आता एक फार महत्त्वाचं. तुम्ही क्लिपा लिहिल्यात. त्या स्प्रिंग स्टीलच्या, हार्डनिंग केलेल्या आहेत का? असतील तर प्लेटिंग झाल्यावर त्यांना चार तासांच्या आत ओव्हनमध्ये टाकून साधारण १९० ते २२० डिग्रीला बेक करावं लागतं, काही तास. ऍसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन स्टीलमध्ये शिरतो, तो बाहेर काढला नाही तर क्लिप चेकिंगला एकदम ओके दिसते आणि पॅनलमध्ये बसवल्यावर दोन दिवसांनी आपोआप तडकते. आम्ही एकदा यातून गेलोय. जुना प्लेटिंगवाला न सांगता बेक करत होता, ड्रॉइंगवर कुठे लिहिलेलं नव्हतं, आमच्या सप्लायरने प्लेटिंगवाला बदलला आणि नव्याने जे लिहिलं होतं तेवढंच केलं. चूक नव्याची म्हणू की आमची? लिहिलं नव्हतं ही आमची. तुमचे काका २२ वर्षांत असं काय काय न सांगता करत असतील ते आधी त्यांच्याकडे बसून कागदावर उतरवून घ्या, दुसऱ्याला काम देण्याच्या आधी. नंतर ते कोण सांगणार?

शॉर्टेजवरून भांडणं होतात का तुमची? विचारते कारण जवळपास सगळ्या प्रेस शॉपची होतात. तुम्ही पीस वजनावर मोजत असाल. १.५ एमएमचा १८ ग्रॅमचा पार्ट धरला तर त्याला दोन्ही बाजू मिळून साधारण ३० चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग होतो, त्यावर ८ मायक्रॉन झिंक म्हणजे पीसमागे जवळपास ०.१७ ग्रॅम, म्हणजे एक टक्का वजन वाढतं. प्लेटिंगच्या आधीच्याच युनिट वेटने परत आलेला माल मोजलात तर १०,००० पीस तुम्हाला १०,०९५ दिसतात. मग तुम्ही तेवढे भरून पाठवता, कस्टमरकडे काउंटिंगला ९०-९५ कमी निघतात आणि आळ प्लेटिंगवाल्यावर. प्लेटिंग झालेले १०० पीस हाताने मोजून नवं युनिट वेट काढा, एवढंच करायचंय.

सिन्नर_मशीनशॉप

पेमेंटवर कोणीतरी बोलायला हवं म्हणून मी लिहितो, सीए नाही पण ठेच लागून शिकलोय.

तुमचे काका सरकारच्या उद्यम नोंदणीत असतील आणि सूक्ष्म किंवा लघु गटात असतील तर छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याने त्यांचे पैसे द्यायला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि करार नसला तर १५ दिवस. त्यापुढे आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ, आणि ते व्याज तुम्हाला खर्च म्हणून इन्कम टॅक्समध्ये दाखवता येत नाही. काका सरकारी पोर्टलवर तक्रार करू शकतात, करत नाहीत ते नात्यामुळे. शिवाय २०२३ च्या फायनान्स ऍक्टने आलेला तो नियम, तेव्हाचं इन्कम टॅक्सचं कलम ४३बी एच, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत आणि ३१ मार्चला बाकी राहिली तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही, प्रत्यक्ष द्याल त्या वर्षी मिळतो. चार महिने बाकी मार्चमध्ये आली तर त्यावर टॅक्स भरून बसाल. माझ्या बाबतीत झालंय, ऍडव्हान्स टॅक्सचा हिशोब सगळा कोलमडला होता. जीएसटीत पण १८० दिवसांत सप्लायरला पैसे गेले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं, त्याच्या तुम्ही जवळ पोचलायत.

पण हाच कायदा तुमच्या बाजूनेही आहे ना. तुमचा कस्टमर तुम्हाला ९० दिवस लावतोय तो कुठल्या हिशोबाने? भांडायला जा असं म्हणत नाही, मीही गेलो नसतो. पण २५० कोटींच्या वर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर, म्हणजे बिलावर बँकेकडून आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, रजिस्टर होणं आता सक्तीचं आहे, ३१ मार्च २०२५ ची मुदत होती. आरएक्सआयएल, एम१एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट असे प्लॅटफॉर्म आहेत. तुम्ही बिल चढवायचं, कस्टमरने ते मान्य केलं की बँका बोली लावतात आणि पैसे एक-दोन दिवसांत येतात. कस्टमरने पुढे बँकेला दिले नाहीत तर बँक तुमच्याकडे वसुलीला येत नाही, आणि व्याज कस्टमरची बाजारातली पत बघून ठरतं म्हणून आपल्या सीसीपेक्षा (बँकेच्या कॅश क्रेडिटपेक्षा) कमी पडतं. मी सिन्नरहून दोन कस्टमरची बिलं असं करतो. फक्त कस्टमरचं अकाउंट्स वेळेवर बिल मान्य करेल का, एवढाच प्रश्न असतो, त्यासाठी तिथल्या माणसाच्या मागे लागावं लागतं.

आणि जॉबवर्कची चलनं काढताच आहात तर माल एका वर्षाच्या आत परत आलाय का तेही बघून घ्या, वर्ष उलटलं तर जीएसटीत तो ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी विकला असं धरतात. डाय, जिग, फिक्श्चरला ती मुदत नाही.

अंबड_प्रेसशॉप

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला.

चलनं काढली. सहा महिन्यांची ४१ निघाली, त्यातली १७ उशिराची, म्हणजे पाच दिवसांच्या वर. त्या १७ पैकी १२ महिन्याच्या शेवटच्या आठ दिवसांत गेलेली. आणि पाच अशी की तयार झाल्याचा फोन आला होता पण आमचा टेम्पो दोन-दोन दिवस गेलाच नाही, कारण तो कस्टमरकडे माल टाकायला अडकलेला. ते पाच उशीर माझ्याच शेडमधून निघाले. बाकी मात्र काकांकडेच अडकलेत, ते मी नाकारत नाही.

काकांकडे गेलो, वडिलांना घेऊन. दोन महिन्यांचे पैसे आरटीजीएस केले होते आदल्या दिवशी, उरलेले दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे असं ठरलं. मी उशिराचा कागद पुढे ठेवला तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की दोन रेक्टिफायरपैकी एक सात महिने बंद आहे. सात महिने. मी विचारलं सांगितलं का नाही, तर म्हणाले सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं पैसे मागतोय. वडील खिडकीतून बाहेर बघत बसले. तो रेक्टिफायर आता दुरुस्तीला गेलाय.

मंगळवार-शुक्रवार ठरवलंय. क्लिपा आहेत ताई, स्प्रिंग स्टीलच्याच आहेत, आणि हो, काका त्या बेक करतात, कोपऱ्यात जुना ओव्हन आहे, मी आजवर तो पोरांचे डबे गरम करायला आहे असं समजत होतो. ड्रॉइंगवर लिहून घ्यायला कस्टमरच्या डिझाइनला मेल टाकलाय. युनिट वेट पण बदललं, फरक निघाला, १०० पीसला १६ ग्रॅमच्या आसपास.

पुण्याचं कोटेशन बाजूला ठेवलं. दुसरा सोर्स म्हणून सातपूरचा एक बघितलाय, प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटचे कागद नीट आहेत, साधारण २० टक्के माल द्यायचा विचार आहे, आणि हे काकांना आधी सांगितलं. त्यांना आवडलं नाही. पण सॅम्पल घेऊन जाताना बॅरलमध्ये या ब्रॅकेटसोबत काय मिसळायचं ते त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिलं.

कस्टमरचं ट्रेड्सचं अजून काही नाही, अकाउंट्सवाले साहेब पुढच्या सोमवारी या म्हणालेत, आधीच्या सोमवारी पण हेच म्हणाले होते, मी जातोय.

ब्रॅकेटचे सॅम्पल सॉल्ट स्प्रेला लागलेत, ९६ तास गुरुवारी दुपारी पूर्ण होतात. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.